बटईची पिल्लं

आमच्या दाराशी, चपलांच्या रॅकच्या बाजूला, एक नायलॉनची पिशवी ठेवलेली असायची. आत आईची लुगडी, डोळ्यात टाकायचे थेंब, स्टीलचा पेला आणि तंबाखूची डबी. तोंडाला गाठ. यवतमाळला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करून मी तिला आर्णीला माझ्या घरी आणलं, आणि डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला परवानगी दिली त्या सकाळी ही पिशवी दाराशी आली. "डोया सुधरला. आता मले गावी नेऊन दे," आई म्हणाली आणि पिशवीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली. एसटी आमच्या दिवाणखान्यातूनच सुटणार असल्यासारखी.

गाव कळंबच्या पलीकडे. तिथं ती एकटी राहते. तिनं आता इथंच राहावं असं मला फार वाटत होतं. का वाटत होतं याची फोड केली, तर जमेला प्रेम निघेलच, पण त्याच्या वरच्या ओळीवर विहारातली मंडळी निघतील. रविवारी वंदना संपली की कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारायचंच, "काय जी राजकुमारजी, आईले गावातच ठेवलं म्हंता?" 'ठेवलं' वर असं वजन, की जणू मी आईला गोदामात टाकली आहे आणि पावती हरवून बसलो आहे.

मी पतसंस्थेत लेखापाल आहे. माणूस समोर आला की त्याची जमा बाजू आणि नावे बाजू मला आपोआप दिसते. त्याला माझा इलाज नाही. मला सगळ्यांची दिसते. फक्त विहारातल्या लोकांना माझी दिसते, हे मात्र मला पसंत नाही.

"सरळ सांगा ना त्यांना, की राहा म्हणून," दीपा म्हणाली. दीपा ही माझी बायको. तिच्या सूचना नेहमी एका ओळीच्या असतात, म्हणून मी त्या फारशा मनावर घेत नाही.

"सरळ सांगून कोणी ऐकत नसतं," मी तिला समजावलं. "माणसाला गुंतवावं लागतं."

आमच्या घरात आईला गुंतायला काही नव्हतं, ही खरी अडचण. भांड्यांना बाई, कपड्यांना मशीन. मशीन फिरायला लागलं की आई त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायची, कपडे पळवून नेईल या संशयानं. एकदा तिनं पाकिटातले तांदूळ सुपात घेतले. सगळं सूप पाहून झालं तरी एकही खडा निघाला नाही, तेव्हा तिनं तांदूळच बिनकामाचा ठरवला आणि पुन्हा पिशवीजवळ जाऊन बसली.

अशात फुलचंदचा फोन आला. फुलचंद राठोड माझा कॉलेजातला दोस्त; पंचायत समितीत पशुसंवर्धनाच्या टेबलावर बसतो. "राजू, कोंबडीचे पिल्लं पायजे का? फुकट. पन आत्ताच्या आत्ता ये." फुलचंद एखादी गोष्ट फुकट देतो तेव्हा ती त्याला जड झालेली असते, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी माझी अक्कलही बहुधा आईच्या पिशवीतच बांधली गेली होती.

मैदानावर गेलो तर मांडव सुटत होता. महिलांना पिल्लं वाटण्याचा जाहीर कार्यक्रम होता. पिल्लं टेम्पोनं सकाळीच आली. प्रमुख पाहुणे ऊन कलल्यावर आले. तोवर पिल्लांची खोकी स्टेजपुढं ओळीनं लावून त्यांच्यावर गुलाबी साटीनचं कापड टाकलं होतं, कारण ते कापड पाहुण्यांच्या हस्ते ओढायचं होतं. ही कल्पना फुलचंदची. कोनशिलेवरचं कापड ओढतात, नारळ फोडतात, तर पिल्लांचंच काय असं उघड्यावर वाटप करायचं? पाहुण्यांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या, त्यांनी हसत खोक्यात पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच्या हातानं कापड पुन्हा टाकलं. मग कुक्कुटपालनातून येणाऱ्या समृद्धीवर भाषण झालं. लाभार्थी बायांनी आपापलं खोकं उघडून पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं, आणि चहा पिऊन रिकाम्या हातानं घरी गेल्या. त्यातली एक सुखीबाई म्हणून होती, ती फुलचंदला तोंडावर म्हणाली म्हणे, "साहेब, मेलेलं घरी नेऊन मी काय करू? माती बी माह्याच हातानं द्याची का?"

"थोडे सुस्त हायेत. प्रवासानं," फुलचंद माझ्या हातात खोकं देत म्हणाला. आत जी पिल्लं होती त्यांत हलणारी आणि न हलणारी असे दोन गट सरळ पडत होते. हलणाऱ्यांचे डोळे मिटलेले, पंख लोंबलेले, मागं घाण चिकटून वाळलेली. एकमेकांवर चढून ती अशी पडली होती, की वरच्याला खालचं जिवंत आहे का हे विचारायची सोय नव्हती.

घरी आलो. आईनं खोक्यात वाकून पाहिलं. सुधारलेल्या डोळ्यानं तिनं नीट पाहिलेली ही पहिलीच वस्तू.

"हे मयतीले आनले का जगवाले?"

"जगवायला. तुझ्यासाठी आणले."

"माह्यासाठी काहून? म्या मांगतले होते?"

"तेवढाच तुला विरंगुळा."

विरंगुळा हा शब्द चुकला. आईच्या अंगावर काटा आल्यासारखं झालं. "म्हंजे पिल्लं तुही, अन् राखू मी. मोठी झाली का तू खाशीन. लेकाच्या घरी आली मी, का कोंबड्या राखाले लागली?" आणि ती पिशवीकडं निघाली.

इथं मला ती युक्ती सुचली. आजही ती आठवली की प्रथम कौतुकच वाटतं, मग बाकीचं.

आमच्या भागात जनावरं बटईनं देतात. जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं, आणि वाढलं की निम्मंनिम्मं. बकरीपासून कोंबडीपर्यंत सगळं बटईनं चालतं. त्यात कोणी कुणाचा नोकर नसतो आणि कोणी कुणावर उपकार करत नाही. मी म्हणालो, "मग बटईनं घे ना. अर्धी तुझी."

आई थांबली. वळून माझ्याकडं तिनं अशा नजरेनं पाहिलं, की मी तिचा मुलगा नसून बाजारात भेटलेला एखादा बरा माणूस असावा.

"खरंच म्हनतं?"

"खरंच."

"साक्षीले कोन?"

मला हसू आलं. पण आमच्या भिंतीला लागूनच कय्युमभाईचं गॅरेज आहे, तेव्हा त्यांना हाक मारली. ते हात पुसत आले. आईनं त्यांना उभं करून अटी सांगितल्या. "मेलं त्याचा दोस कोनालेच नाई. जगलं त्यातलं अर्धं माहं. पिल्लाच्या तरन्या तलंगी झाल्या का वाटनी. मंग बटई खतम. बरोबर हाय का नाई, कय्युम?"

"एकदम बरोबर, मावशी." कय्युमभाई खोक्यात डोकावले. "पन मावशी, वाटनीपर्यंत काही राह्यलं तं!"

"ते माहं मी पायतो."

मीही हो म्हणालो. 'मग बटई खतम' हे शब्द माझ्या कानांवरून गेले, पण मी ते कुठं टिपून घेतले नाहीत. माझं लक्ष दाराकडं होतं. आईनं पिशवीची गाठ सोडली होती आणि ती तंबाखूची डबी बाहेर काढत होती.

त्या संध्याकाळी दीपाच्या चेहऱ्याला लावायचा कापूस, कोमट पाणी आणि आई अशी तिघं मिळून पिल्लांचे पार्श्वभाग धुण्याचं काम सुरू झालं. आई एकेक पिल्लू मुठीत धरायची, पुसायची, त्याच्या चोचीला गुळाचं पाणी लावायची आणि त्याला नावं ठेवायची. "पी ना बे. पाजाले काय तुही माय येनार हाय?" काही पीत होती. काही पिता पिताच गेली.

कोंबडीचं पिल्लू आणलं हे गल्लीत कळायला वेळ लागत नाही. समोरचे गेडाम सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि मोबाईल आल्यापासून ते सगळंच शिकवतात. ते मोबाईलवर एक व्हिडिओ लावूनच आत आले. "राजकुमारजी, ऊब. ऊब नसंन तं सगळं व्यर्थ. पाहा, पिवळा बल्ब पाहिजे." त्यांच्या पाठोपाठ कय्युमभाई ऑइलचं मोठं रिकामं डबडं घेऊन आले. पत्रा कापून त्यांनी त्यात बल्ब टांगला. डिसेंबरचे दिवस, आमच्या बेडरूमला वारा लागत नाही म्हणून डबडं बेडरूममध्ये गेलं. पिल्लांच्या नरड्यातून त्या रात्री पहिल्यांदा चिवचिव निघाली, आणि तिला इंजिन ऑइलचा वास होता.

फ्रिज सुरू झाला की तो बल्ब मंदावायचा. गेडाम सर म्हणाले, फ्रिज बंद ठेवा. फ्रिज बंद ठेवला, तर दूध नासलं. दीपा म्हणाली, "हे दूध आता त्या फुलचंदला पाजा." मग वीज गेली. मग आईनं शेगडी मागितली. शेगडीचा धूर खिडकीतून थेट गेडाम सरांच्या घरात गेला, आणि ज्यांनी ऊब हवी म्हणून सांगितलं होतं, त्याच सरांनी येऊन सांगितलं की प्रदूषण होत आहे. हे मी त्यांच्या नावे टाकून ठेवलं आहे.

माझा स्वतःचा वाटा याहून वाईट. मला स्वच्छतेची आवड. डब्यात मी रोज वर्तमानपत्राचा नवा कागद छान घडी घालून अंथरायचो. त्याच्यावरून पिल्लं घसरायची. घसरत घसरत दोन-तीन पिल्लांचे पाय दोन दिशांना गेले, आणि त्यांना पोटावर पोहताना पाहून मी दीपाला म्हणालो, "पाहा, खेळून राह्यलीत." आईनं डब्यात पाहिलं, वर्तमानपत्र ओढून काढलं, आणि माझ्याकडं न पाहता भुसा मागितला. त्या पिल्लांचे पाय तिनं लोकरीच्या धाग्यानं जवळ बांधले. बाकीची सावरली. एकीचा उजवा पाय जो वाकडा राहिला तो राहिलाच. आई तिला पेपरवाली म्हणू लागली. घरात पाहुणे आले की मुद्दाम मोठ्यानं.

सरकारी दवाखान्यात एकदा दाखवावं, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. एक मलूल पिल्लू रुमालात घेऊन मी गेलो. डॉक्टर दौऱ्यावर होते. टेबलावरच्या माणसानं रुमाल उघडून पाहिला आणि विचारलं, "लाभार्थी कोण?"

"पिल्लू आजारी आहे," मी म्हणालो.

"ते दिसून राह्यलं. पण हे योजनेचं पिल्लू. ज्याच्या नावावर आहे त्यानं आणावं लागते. तुमच्या नावावर कसं आलं?"

फुकट आलं, असं सांगणं प्रतिष्ठेला धरून नव्हतं. मी म्हणालो, "मित्राकडून."

"मग मित्राले आणा." तो दयाळू माणूस असावा, कारण मी वळल्यावर त्यानं हाक मारली. "असं करा, हे मेलं का आणा. मेल्यावर आपल्याकडे पोस्टमार्टम होते. आत्ता याच्यासाठी काही सोय नाही."

पिल्लानं सहकार्य केलं. दुसऱ्या सकाळी ते गेलेलं होतं. निदान रोग कळला तर बाकीची वाचतील, म्हणून ऑफिसला जाता जाता दवाखाना करू असं ठरवलं. घरात झाकणाचा दुसरा डबा नव्हता, तेव्हा ते पेढ्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. दवाखाना अजून उघडला नव्हता. मी खोकं टेबलाच्या कडेला ठेवून पतसंस्थेत कामाला लागलो. आता पतसंस्थेत टेबलावर पेढ्याचं खोकं दिसल्यावर माणसं काय समजणार? आमच्याकडं व्यवस्थापकाची जागा रिकामी आहे, आणि ती मला मिळावी असं मला सोडून कोणालाच वाटत नाही. तरी आमच्या अध्यक्षांनी "अरे वा! झालं का राजकुमार?" असं म्हणत झाकण उघडलं.

त्यानंतर त्यांनी बराच वेळ हात धुतले. ती जागा अजून रिकामी आहे.

दवाखान्यात तोच माणूस होता. त्यानं खोक्यात पाहून मान हलवली. "हे कधी गेलं? सकाळी? आता दुपार झाली. ताजं पाहिजे." मी तिथून निघालो, तेव्हा माझ्या हातात एक शिळं मेलेलं पिल्लू होतं आणि माझ्या अंगावर ताजा अपमान. दोन्ही परसात पुरले. आईनं खड्ड्यावर दगड ठेवला, कुत्रं उकरू नये म्हणून. "आता नको नेऊ कुठी," ती म्हणाली. "घरीच मरू दे, नाई तं घरीच जगू दे."

आणि जगली हो. सगळी नाही, पण मूठभर उरली ती जगली. कशामुळं, यावर एकमत नाही. गेडाम सर म्हणतात बल्बमुळं, कय्युमभाई म्हणतात डबड्यामुळं. आई काहीच म्हणत नव्हती. तिच्या लसणाच्या उपायानंही एक-दोन गेली होती, तेव्हा तिच्यापाशी बढाईला जागा नव्हती. ती फक्त उठायची, भुसा बदलायची, कण्या टाकायची. पिल्लांना पिसं फुटली. ती बेडरूममधून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून परसात गेली. आईची पिशवी रिकामी होऊन खुंटीला लागली. मी दीपाला म्हणालो, "पाहिलंस? गुंतली." दीपा म्हणाली, "अजूनही सरळ सांगा." मी हसलो.

याच सुमारास फुलचंद पुन्हा उगवला, एक फोटोवाला आणि लाभार्थी बाया जीपमध्ये घालून. वाटलेली पिल्लं हयात असल्याचे फोटो वर पाठवायचे होते. "फक्त फोटोपुरते दे यार," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "सगळ्या तालुक्यात तुह्याच घरी जिते हायेत."

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "बटईचे होय हे. याच्यात अर्धे माहे. पकडा, पन दाबू नका."

मग आमच्या परसात सोहळा झाला. एक बाई उभी राहायची, तिच्या दोन हातांत दोन पिल्लं द्यायची, "हसा, बाई," फोटो. ती बाजूला. तीच पिल्लं दुसरीच्या हातात. "हसा, बाई." जागा सारखी दिसू नये म्हणून फुलचंद मागचं बदलायचा, कधी संडासाची भिंत, कधी आमची पाण्याची टाकी, कधी कय्युमभाईच्या गॅरेजचं शटर. पेपरवाली लंगडत मध्ये आली की तो तिला पायानं बाजूला सारायचा, कारण कागदावर लंगडं काही वाटलेलं नव्हतं. सुखीबाईची पाळी आली तेव्हा तिनं पिल्लू छातीशी धरलं आणि हसायचं विसरून विचारलं, "हे माह्याच खोक्यातलं तं नसंन?"

"असंन बी," आई म्हणाली.

"माह्याकडं जगलं असतं का वं, माय?"

"काय सांगावं बाई? माह्याकडं बी लई मेले." मग आई म्हणाली, "वाटनी झाली का माह्या वाट्यातली एक नेजो."

फुलचंद घाईत होता. जीप गेली. कागदोपत्री त्या दिवशी तालुक्यातलं एकही पिल्लू मेलेलं नव्हतं. इतका चोख ताळेबंद मला उभ्या नोकरीत जमला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. पण आई 'वाटनी झाली का' म्हणाली होती, आणि ते मी ऐकूनही ऐकलं नाही. मी कय्युमभाईंना सांगून लोखंडी अँगलचा कायमचा खुराडा वेल्डिंग करून घेत होतो. त्याला मी चांगला हिरवा रंग दिला. रविवारी विहारात मी आपणहून विषय काढायचो. "आई? छे, आता कुठली जाते! तिच्या कोंबड्या सोडून?" खांद्यावर येणारे हात कमी झाले. जमा बाजू इतकी बरी मी पूर्वी पाहिलीच नव्हती.

एका सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "तलंगी झाल्या. वाटनी कर."

मला ठसकाच लागला. परसात पाहिलं तर खरंच. लांब मानेच्या, लालसर तुऱ्याच्या, अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या मिरवत होत्या. काल-परवापर्यंत ती पिल्लं होती असं मला शपथेवर सांगता आलं असतं.

"अजून लहान आहेत, आई."

"लहान? पाहून घे, तुह्याकून मोठी चाल हाय त्याहीची."

मी टाळाटाळ सुरू केली. मार्चअखेर आहे म्हणालो. ते खरं होतं. पण मार्चअखेरीचा कोंबड्यांशी संबंध नव्हता. गेडाम सरांकडून उन्हाळ्यात पक्ष्यांनी प्रवास करू नये असा व्हिडिओ मागवला. आईनं तो पूर्ण पाहिला, मोबाईल सरांना परत दिला आणि भिंतीजवळ जाऊन हाक मारली, "कय्युम! साक्षीले ये बाबा!"

कय्युमभाई आले. या खेपेला ते हसत नव्हते. त्यांना बहुधा माझ्याआधी कळलं होतं.

आमच्याकडची रीत अशी, की सांभाळणाऱ्यानं वाटे पाडायचे आणि मालकानं उचलायचं. म्हणजे कुणाला कुणाबद्दल बोलायला जागा राहत नाही. आईनं तलंगी धरून पाय बांधून दोन वाट्यांत ठेवल्या. इकडं तीन, तिकडं तीन. पेपरवाली मध्ये एकटी उरली, वाकड्या पायावर.

"उचल," आई म्हणाली.

मी आयुष्यभर लोकांचे हिशेब केले. दोन वाट्यांतला चांगला कोणता हे मला झोपेतही कळावं. पण त्या दिवशी मी उभाच राहिलो. मनात आलं, उचललंच नाही तर वाटणी पुरी होणार नाही. वाटणी पुरी झाली नाही तर बटई चालू. बटई चालू तर...

"उचला भाऊ," कय्युमभाई हळूच म्हणाले. "मावशी उन्हात उभी हाय."

मी मुद्दाम कमी वजनाचा वाटा उचलला. आईनं तेही पाहिलं. "सूट नको देऊ मले," ती म्हणाली. "बरोबरचे हायेत. तोलूनच पाडले म्या."

"आणि ही?" मी पेपरवालीकडं बोट दाखवलं. "ही तूच ने, आई. तुला लळा आहे तिचा."

"ते तुही. तुह्या पेपरनं लंगडी झाली."

खुंटीवरची पिशवी खाली आली. तिच्यात लुगडी गेली, थेंब गेले, पेला गेला. सुखीबाईला निरोप गेला, ती येऊन आईच्या वाट्यातली एक तलंग घेऊन गेली, शब्दाप्रमाणे. उरलेल्या दोन टोपलीत बसल्या. वरून दीपाची जुनी ओढणी बांधली. दीपा आईच्या पाया पडली, तेव्हा आईनं तिला जवळ घेतलं. त्यांचं आपसात काही येणंदेणं नव्हतं, म्हणून असेल.

स्टँडवर यवतमाळची गाडी लागली होती. कंडक्टर टोपलीवरून कुरकुरला, मी त्याच्याशी वाद घातला, जिंकलो. उगीचच फार जोरात जिंकलो. आई खिडकीशी बसली. टोपली मांडीवर. मी खाली उभा. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "एवढा खुराडा करून घेतला मी. हिरवा रंग दिला. राहिली असतीस तर काय झालं असतं?"

आईनं मला खिडकीतून नीट पाहिलं. डोळा चांगलाच सुधारला होता.

"राजू, तू मले 'राह्य' म्हनला असता, तं राह्यली असती. तू बटई लावली." ओढणीची गाठ तिनं तपासली. "बटईचं काम म्या इमानानं केलं. केलं का नाई?"

"केलंस."

"मंग झालं."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. अजूनही वेळ होता. दोनच अक्षरांचा शब्द. खिडकी हातभर अंतरावर होती. पण बाजूला आर्णीतली चार ओळखीची माणसं उभी होती, आणि चार लोकांत स्टँडवर आईला ओरडून 'राहा' म्हणणं म्हणजे... मी म्हणालो, "पोचलीस की फोन कर." गाडी गेली.

घरी आलो तर गॅरेजच्या दारात कय्युमभाई स्पॅनर हातात घेऊन उभे होते. "भाऊ," ते म्हणाले, "पुढच्या टायमाले साक्षीले दुसरं कोनी पाहा." आणि गाडीखाली शिरले.

विहारात आता पुन्हा हात येतात खांद्यावर. हिरव्या खुराड्यात माझा वाटा आहे. पेपरवाली त्यातल्या त्यात माझ्याशी बरी वागते. बाकीच्या तर ओळखही देत नाहीत.

परवा मी आईला फोन केला. मनाशी वाक्य जुळवून केला होता. दीपा समोर बसून डोळ्यांनी 'म्हणा, म्हणा' म्हणत होती. घंटी वाजली, आईचा आवाज आला, "बोल राजू," आणि माझ्या तोंडातून निघालं, "तलंगी कशा आहेत?"

पलीकडं मागं कुठं तरी कोंबडी कॅकॅ करत होती.

"हायेत बेस," आई म्हणाली. "अंड्यावर आल्या. पन त्यात तुहा वाटा नाई हो, बापू."